पुढची होडी आधी

शिरोळ तालुक्यातल्या पोराला पाढे उशिरा येतात. क्युसेक आधी येतो. जुलै लागला की आमच्या जयसिंगपुरात कुणी कुणाची तब्येत विचारत नाही. "कोयनेतनं किती सोडलंय?" हाच रामराम. स्वतःच्या लग्नाची तारीख विसरणाऱ्या माणसालाही राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे पाठ असतं. वर कोयना १०५ टीएमसी, खाली अलमट्टी १२३ टीएमसी आणि मधे आपण, एवढा भूगोल इथं शाळेत शिकवावा लागत नाही. गाव तसं उंचावर. शाहू महाराजांनी वडिलांच्या, म्हणजे जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं ही पेठ वसवली तेव्हा जागा नीट बघून घेतली असावी. कारण २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही सालांत आसपासची गावं पाण्यात होती आणि आमच्याकडे पाहुणे येत होते. काही पाहुणे म्हशींसकट.

अशा माणसांनी पैसे मोजून, रात्रभर गाडीत अंग अवघडून, मुद्दाम उसळत्या पाण्यात जाऊन बसावं, हे घरच्यांना पटवणं सोपं नव्हतं. भाच्यानं मोबाइलवर कोलाडच्या राफ्टिंगचा व्हिडिओ दाखवला तेव्हा आण्णा म्हणाले, "पाण्यात पडायला पैसं? उदगावच्या पुलावरनं मी फुकट ढकलतो की."

आण्णा साठीला एक वर्ष कमी आहेत, असं ते गेली काही वर्षं सांगतात. विक्रमसिंह मैदानावरची एकही ऊस परिषद त्यांनी चुकवलेली नाही. कुठलाही दर ऐकला की तो कमी आहे की जास्त, हे न ठरवता आधी अमान्य करायचा, ही त्यांची शिस्त. त्यांनीही शेवटी पिशवी भरली, कारण आक्का "मी जातो" म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका 'जातो, येतो, करतो' असंच बोलतात आणि बोलल्याप्रमाणे करतातही. मागे राहणं आण्णांना शक्य नव्हतं. दाजींचा ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर आहे. हंगाम संपल्यावर त्यांना घरात बसवत नाही, म्हणून ते आले. मी कशाला गेलो, हे कुणी विचारलं नाही.

पुणं ओलांडून ताम्हिणी घाट उतरलो की कुंडलिका लागते. ही नदी बाकीच्या नद्यांसारखी मनाला येईल तेव्हा वाहत नाही. तिच्या वरच्या अंगाला भिरा इथं टाटांचं वीजघर आहे, १९२७ सालापासूनचं. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून नळांतून जवळपास ५०० मीटर खाली आणायचं, त्यावर वीज करायची आणि मग ते कुंडलिकेत सोडायचं, असा हिशेब. मुंबईला विजेची गरज कधी, किती, यावर पाणी सुटतं. ते बहुधा सकाळी येतं. म्हणून राफ्टिंगही सकाळी. त्यामुळेच भर उन्हाळ्यात, जेव्हा महाराष्ट्रातल्या बाकीच्या नद्यांत पोरं क्रिकेट खेळत असतात, तेव्हाही ही नदी उड्या मारते.

गाइडनं हे सगळं भोळेपणानं सांगितलं. आण्णा मात्र मुळशी या शब्दाला अडकले.

"मुळशीचं पाणी म्हंजे मुळेचं. मुळा मुठेला, मुठा भीमेला, आणि भीमा कुठं जाती?"

"कृष्णेला," भाचा म्हणाला.

"म्हंजे ह्ये आमच्या खोऱ्यातलं पाणी! डोंगर फोडून हिकडं कोकणात आणलंय, आणि वर आमच्याकडनंच पैसं घेताय व्हय?"

भीमा कृष्णेला मिळते ती पार रायचूरकडं. आमच्या दारात ते पाणी येण्याचा काही संबंध नव्हता, हे मी सांगून बघितलं. पण आण्णांचं म्हणणं तत्त्वाचं होतं. या पाण्याचं भांडण जुनंच आहे म्हणा. मुळशीच्या मावळ्यांच्या जमिनी धरणात गेल्या म्हणून सेनापती बापटांनी १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला; पुढे कृष्णेचं खोरं ओलांडून पश्चिमेला किती पाणी न्यायचं, याची मोजदाद बचावत लवादापुढेही झाली. पण साजे गावाजवळच्या काठावर, अर्ध्या चड्डीत उभं राहून, तो लवाद पुन्हा उघडायची मागणी पहिल्यांदाच होत असावी. गाइड वीस-बावीस वर्षांचा तिथलाच पोरगा. त्यानं शांतपणे एक लाइफ जॅकेट आण्णांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "काका, आधी हे घाला. पाणी कुणाचं ते खाली पोचल्यावर ठरवू."

लाइफ जॅकेटशी आमच्या पिढीचं नातं वाकडं आहे. आम्ही पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा किंवा वाळका भोपळा बांधून. तोही चार दिवसांत सोडवायचा, नाहीतर थोरली पोरं हसायची. पुरात तर आमच्याकडची माणसं गुळाच्या काहिलीत बसून पल्याड जातात, वैरण आणतात, दूध पोचवतात. त्यामुळे जॅकेटचे पट्टे आवळताना दाजी म्हणाले, "जरा ढिलंच ऱ्हाऊ दे, जेवायचं हाय." गाइडनं काही न बोलता जॅकेटच्या दोन्ही खांद्यांना धरून ते वर उचललं. जॅकेट दाजींच्या कानापर्यंत गेलं आणि दाजी खालच्या खाली राहिले. "पाण्यात असंच होणार," तो म्हणाला. "जॅकेट तरंगेल. तुम्ही बघा काय ते." दाजींनी पोट आत घेऊन सगळे पट्टे आवळले.

थट्टा इथं थोडी बाजूला ठेवतो. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला, पलूस तालुक्यात, पुरातून माणसं सोडवून नेणारी बोट उलटली. बोटीत माणसं जास्त होती. बुडालेल्यांत बायका-पोरं होती. ते पाणी आम्हाला परकं नाही. त्यामुळे जॅकेट, बोटीत किती माणसं बसवायची याचा आकडा आणि तो आकडा पाळणारा माणूस, या तिन्ही गोष्टींना नावं ठेवायचा हक्क आमच्या भागात कुणाला उरलेला नाही. आण्णाही एवढ्यापुरते गप्प बसले.

हेल्मेटच्या वेळी मात्र बोलले. हेल्मेटसक्तीचं नाव काढलं तरी आमच्या जिल्ह्यात कृती समिती स्थापन होते. "रस्त्यावर घालत न्हाई, पाण्यात घालू?" यावर आक्कांनी स्वतःचं हेल्मेट अंबाड्यावर बसवून, हनुवटीखाली पट्टा लावून, "घाल की रं गप," एवढंच म्हटलं.

मग वल्हं. वल्ह्याच्या वरच्या टोकाला टी आकाराची मूठ असते, आणि एक हात कायम त्या मुठीवर हवा. नदीतल्या दगडांनी पडतात त्यापेक्षा जास्त दात शेजाऱ्याच्या सुटलेल्या मुठीनं पडतात, असं गाइडचं म्हणणं. नंतर हुकूम: फॉरवर्ड, बॅकवर्ड, स्टॉप, होल्ड ऑन, गेट डाऊन. एवढ्या पाच शब्दांवर नदी उतरते. तो मागे बसून ओरडणार, आपण करायचं. पुढच्या दोघांनी लय धरायची, मागच्यांनी त्यांच्याकडे बघून मारायचं.

एकानं ओरडायचं आणि बाकीच्यांनी त्याला साथ द्यायची, याचा सराव जयसिंगपूरला भरपूर आहे. पण आमच्याकडे घोषणा आणि कृती यांच्यात चर्चेला वेळ असतो. "फॉरवर्ड!" झालं की दाजी मागं वळून "किती?" विचारायचे. "बॅकवर्ड!" झालं की आण्णा "का?" विचारायचे. उजवीकडचे मारत होते, डावीकडचे विचार करत होते. त्यामुळे आमची राफ्ट सपाट पाण्यात जागच्या जागी गोल फिरली आणि काठावरच्या एका म्हशीला आमचं सगळ्या बाजूंनी दर्शन झालं. गाइड म्हणाला, "काका, इथं फिरलो तर गंमत आहे. पुढं फिरलो तर आडवे लागू."

उसळत्या पाण्याला जगभर एक ते सहा असे दर्जे लावतात. एक म्हणजे जरा खळखळ. सहा म्हणजे शहाण्यानं काठावरून फोटो काढावा असं. कुंडलिका दोन-तीनच्या घरातली. म्हणजे भीती वाटते, पण ती घरी जाऊन सांगता येते. ऋषिकेशला गंगेवर अशा खळाळांना 'रोलर कोस्टर', 'गोल्फ कोर्स', 'द वॉल' अशी नावं आहेत. आपल्याकडे नावं ठेवायची वेळ आली तर ती अशी साहेबी नसतील. पहिला खळाळ आला, नाक-तोंडात पाणी गेलं, आणि दाजींनी तिथल्या तिथं त्याचं 'पहिली उचल' असं बारसं केलं. पुढच्या मोठ्याचं नाव 'अंतिम बिल'. कारण तो येणार येणार म्हणतात आणि बराच वेळ येतच नाही.

आला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. लाट अंगावर आली की माणसाचा हात आपोआप थांबतो, वल्हं छातीशी येतं आणि डोळे मिटतात. नेमकं तेव्हाच मारायचं असतं. वल्हं पाण्यात रुतलेलं असलं की तोच आधार. हवेत धरलं की आपण नुसतंच सामान. आणि दगड आला तर? जीव म्हणतो, लांब सरक. गाइड म्हणतो, दगडाकडे झुका. लांब सरकलात तर प्रवाहाकडची कड खाली दबते, वरचं पाणी तिच्यावर चढतं आणि राफ्ट दगडाला पापडासारखी चिकटते, नाहीतर उलटते. ज्याच्यावर आदळणार त्यालाच मिठी मारायची! आमच्या तालुक्याच्या राजकारणात ही रीत जुनी आहे, त्यामुळे ती सगळ्यांना लगेच जमली.

पडलात तर काय, हे गाइडनं काठावरच सांगितलं होतं. उताणं व्हायचं, पाय वर, पाय पुढं, म्हणजे दगड आला तर तळवे लागतील, डोकं नाही. आणि काही झालं तरी वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही. पाणी कमरेएवढंच दिसतं म्हणून माणूस उभा राहतो, पाय दगडांच्या फटीत अडकतो आणि मागून येणारं पाणी त्याला पालथं घालतं. कमरेएवढ्या पाण्यात माणूस बुडतो तो असा. दोर फेकला तर तो छातीशी धरून खांद्यावरून घ्यायचा, मनगटाला गुंडाळायचा नाही. वरच्या माणसानं पडलेल्याला जॅकेटच्या खांद्यांना धरून आत ओढायचं. हात, केस, चड्डी हे धरायचे प्रकार नाहीत.

दाजी पडले. तीन नंबरच्या कुठल्याशा लाटेत नाही, तर शांत पाण्यात, मागच्या राफ्टमधल्या पुणेकरांना "कुठलं म्हणायचं?" असं विचारताना. उताणे, पाय वर, चेहऱ्यावर कमालीचं समाधान. आक्कांनी वाकून दोन्ही खांद्यांना धरून त्यांना असं उपसलं की गाइड वल्हं मांडीवर ठेवून बघतच राहिला. "मी म्हशीचं रेडकू काढलोय हौदातनं," आक्का म्हणाल्या, "ह्ये काय न्हवं."

आता खरं सांगायचं ते हे की, या नदीवर वेगापेक्षा रीतभात जास्त आहे. सांगली-कोल्हापूर रस्त्यावर हंगामात गाडी चालवणाऱ्याला ती पचायला जड जाते. नदीवर पुढची होडी आधी. ती खळाळातून पूर्ण बाहेर पडून बाजूला झाल्याशिवाय मागचीनं आत शिरायचं नाही. तोवर वरच, एखाद्या मोठ्या खडकाच्या आडोशाला पाणी संथ फिरतं, तिथं थांबून राहायचं. कारण साधं आहे. पुढच्याला मागचं दिसत नाही, मागच्याला पुढचं दिसतं. म्हणून सांभाळायचं मागच्यानं. आमच्या रस्त्यावर हाच नियम उलटा आहे. मागच्याकडे हॉर्न आहे, म्हणून सांभाळायचं पुढच्यानं. दोन ट्रॉल्या उसाच्या, मागं दिवा नाही, पुढं स्पीकरवर गाणं, आणि त्यालाही डावीकडून मोटारसायकल ओलांडून जाते. दाजींनी आडोशाला थांबून हे ऐकलं आणि त्यांच्या तोंडून गेलं, "म्हंजे इथं ओव्हरटेक न्हाईच?"

"नाही."

"आणि घाई असली तर?"

"नदीला असते. आपल्याला नाही."

आडोशाचीही रीत आहे. तिथं जागा मोजकी. पुढच्या दोन राफ्ट थांबल्या असतील तर आपण घुसून त्यांना ढकलून बाहेर काढायचं नाही. निघताना वर बघायचं. प्रवाहातून कुणी येत असेल तर त्याला आधी जाऊ द्यायचं, कारण त्याच्या राफ्टला ब्रेक नाही. एकटा कयाकवाला लाटेवर खेळत असेल तर त्याच्या डोक्यावर सात माणसं घालायची नाहीत. पाणी उडवायचं ते हसणाऱ्यावर; जो अंग चोरून बसलाय त्याच्यावर नाही. यातलं एकही कलम कुठं पाटीवर लिहिलेलं दिसलं नाही, दंडाची पावती नाही, पोलीस नाही. तरी सगळे पाळत होते. आण्णांना हे संशयास्पद वाटलं. "ह्येंची युनियन आसंल," ते म्हणाले.

एका वळणावर बायका दगडावर कपडे धूत होत्या. आमच्या मागच्या राफ्टमध्ये कुणीतरी शिट्टी वाजवून आरोळी ठोकली. आमचा गाइड मागं वळला आणि दुसऱ्या गाइडला हात करून एवढंच म्हणाला, "गाव आहे." शिट्टी बंद. वल्ही पाण्यात हळू पडायला लागली, राफ्ट पलीकडच्या काठानं नेली, लाट त्यांच्या कपड्यांपर्यंत जाऊ दिली नाही. त्यातल्या एका म्हातारीनं मान वर केली, आक्कांच्या हेल्मेटकडे बघितलं आणि पिळे मारत राहिली. आमच्याकडे घाटावर पोरं मोटारसायकली धुतात तेव्हा पाण्यात कोण आहे हे बघत नाहीत. ते आठवलं, पण बोललो नाही, कारण दाजींचा ट्रॅक्टरही तिथंच धुतला जातो.

मग तंबाखूचा प्रसंग. जयसिंगपूर तंबाखूची पेठ, आणि आण्णा पेठेशी एकनिष्ठ. जॅकेटच्या आत, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, त्यांनी पुडी आणली होती. सपाट पाणी बघून त्यांनी चुना मळला, बार भरला आणि काही वेळानं तोंड नदीकडे वळवलं.

"काका, नदीत नाही," गाइड म्हणाला.

आण्णांनी खुणेनं विचारलं: मग कुठं?

"काठावर गेल्यावर. बसलेलं असू द्या."

तेवढ्यात पुढं पाणी गरजायला लागलं. फॉरवर्ड, फॉरवर्ड, होल्ड ऑन! राफ्टचं नाक खाली गेलं, वर आलं, एक हिरवी भिंत आमच्यावर फुटली, आणि आम्ही सगळे "ऊ" करून ओरडलो, आण्णा सोडून. खळाळ संपला. आण्णा ताठ बसले होते. तोंड रिकामं होतं. तो ऐवज कुठं गेला हे त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पण पुढचा बराच पल्ला त्यांनी एकाही हुकमाला कारण विचारलं नाही. गाइडला वाटलं, काका तयार झाले.

बारा-चौदा किलोमीटरचा हा प्रवास संपला तेव्हा सगळ्यांचे दंड भरून आले होते. काठावर चहा आला. आण्णांना आवाज परत आला आणि त्यांनी पाण्याच्या मालकीचा विषय काढला. पण गाइड दुसऱ्या राफ्टचे पट्टे तपासायला निघून गेला होता.

परतीच्या गाडीत, कराडच्या अलीकडे, जे व्हायचं ते झालं. आपल्याकडंच राफ्टिंग सुरू करायचं ठरलं. उदगावच्या पुलाखालून निघायचं, नृसिंहवाडीच्या संगमावर उतरायचं. भाच्यानं व्हॉट्सॲपवर ग्रुपही काढला. मी अडचण सांगितली: उदगाव ते वाडी नदीला उतारच नाही, उतार असता तर पाणी निघून गेलं असतं आणि पूर कशाला आला असता? तिथं राफ्ट टाकली तर सगळा रस्ता आपणच मारायला लागेल, आणि वारा समोरून असला तर राफ्ट सांगलीला पोचेल. आणि जेव्हा तिथं खरोखर पाणी धावतं, तेव्हा त्या पात्रात एनडीआरएफच्या होड्या फिरत असतात, त्यांच्याकडं हौशी माणसांचं बुकिंग नसतं.

"उतार तयार करता येतो," आण्णा म्हणाले. "मागणी लावून धरायला पायजे."

दाजींनी पुढच्या राफ्टचं नाव विचारलं. अध्यक्ष पुढच्या राफ्टमध्ये बसणार, यावर एकमत झालं. अध्यक्ष कोण, यावर झालं नाही. मागच्या राफ्टनं थांबायचं हे सगळ्यांना मान्य होतं, पण मागच्या राफ्टमध्ये बसायला कुणी तयार नव्हतं. भाच्यानं तोडगा काढला की दोन्ही राफ्टना पुढची म्हणायचं. कासेगाव गेलं, पेठ नाका गेला, तरी माणशी किती घ्यायचे ते ठरेना. आण्णांनी आकडा ऐकण्याआधीच तो अमान्य केला.

आक्का इतका वेळ खिडकीला डोकं टेकून झोपल्यात असं वाटत होतं. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "वाडीला उतरल्यावर बासुंदी त्यातच धरलीय, का येगळी?"